अहवालात मेलेला माणूस

ती घटना आठवली की आजही माझा चहा पुढ्यात गार होतो. बायकोला लगेच कळतं. ती म्हणते, "झालं, आलं तुमच्या डोक्यात ते खातं." मी निवृत्त झालो, वर्दी ट्रंकेत गेली, पण त्या प्रकरणावरचा माझा राग काही निवृत्त व्हायला तयार नाही.

कोणाचंही नाव घेणार नाही. माझ्याबद्दल एवढं पुरे की वडील खान्देशातून सुरतेला लूमवर कारागीर म्हणून आले, लिंबायतला राहिले. मी महापालिकेच्या मराठी शाळेत शिकलो आणि गुजरात पोलिसांत फौजदार म्हणून लागलो. घरी अहिराणी, शाळेत मराठी, नोकरीत गुजराती आणि वरच्या साहेबांशी हिंदी. नोकरीच्या शेवटच्या काळात गोडादऱ्याकडच्या एका ठाण्याचा मी इन्चार्ज होतो. त्या काळात माझ्या ठाण्यात एक माणूस मारला गेला. म्हणजे, परदेशातल्या एका मोठ्या मानवी हक्क संस्थेच्या अहवालात मारला गेला. प्रत्यक्षात तो सुरतेजवळच्या कामरेजला दोन वेळ जेवत होता.

सुरुवात त्या खात्यापासून करायला हवी. लूमच्या शेडला आमच्याकडे खातं म्हणतात. अनेक खात्यांत पाळी सुरू झाली की शटर खाली येतं आणि बाहेरून कुलूप लागतं. कारण विचारा, शेठ सांगतो की कापडाचे ताके चोरीला जातात. आतल्या कारागिरांनाही त्यात काही वावगं वाटत नाही. माझे वडीलही अशाच कुलपामागे राबले आणि त्याला कोंडणं म्हणतात हे त्यांना कधी सुचलं नाही. विडी प्यायला बाहेर जाता येत नाही, एवढीच त्यांची तक्रार असायची.

त्या खात्यात एका दुपारी वायरिंग जळून आग लागली. आग फार मोठी नव्हती, धूर मोठा होता. मागच्या खिडकीची जाळी उचकटून कारागीर एकेक करून बाहेर पडले. एक जण पडला नाही. तिशीतला माणूस, मागे बायको आणि लहान मुलगा. आम्ही पोहोचलो तेव्हा शटर वर होतं आणि कुलूप कुठेच नव्हतं. मी पंचनामा केला, शटरच्या कडीवरचे ताजे ओरखडे त्यात लिहून घेतले. पण ओरखडे कोर्टात बोलत नाहीत. बोलायला माणूस लागतो, आणि एकूण एक कारागीर सांगत होता की शटर उघडंच होतं. सगळ्यांचे जबाब एकाच साच्यातून काढल्यासारखे होते. असे जबाब आले की समजावं, आपल्या आधी कोणीतरी येऊन गेलंय.

फक्त एकाने वेगळं सांगितलं. मयताच्या शेजारचे लूम चालवणारा त्याचा जोडीदार. इस्पितळात खोकता खोकता तो माझ्या हेड कॉन्स्टेबलला म्हणाला की कुलूप होतं. मी त्याला सविस्तर जबाबासाठी ठाण्यात बोलावलं. तो आला, बाकड्यावर बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "साहेब, आज डोकं चालत नाही. उद्या सगळं सांगतो." साक्षीदाराला ठाण्यात बसवून ठेवता येत नाही. मी त्याला जाऊ दिलं. तो गेटमधून बाहेर पडला आणि त्यानंतर कोणालाच दिसला नाही.

म्हणजे जगाने त्याला शेवटचं पाहिलं ते माझ्या ठाण्यात शिरताना. आणि गेटवरचा कॅमेरा नेमका बंद. दुरुस्तीसाठी मी लिहून लिहून थकलो होतो, पण हे आता कोणाला सांगायचं? आम्ही जाणवाजोग नोंद केली, म्हणजे हरवल्याची. त्याची आई रोज ठाण्याच्या गेटवर येऊन छाती बडवत होती. "मन्हा आंडोर तुमना ठाणामा उना, परत घर नही उना!" माझा मुलगा तुमच्या ठाण्यात आला तो परत आलाच नाही, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला ओरडून सांगायची. मग एक दिवस ती यायची बंद झाली. मला ते तेव्हाच खटकलं होतं. हरवलेल्याची आई ठाण्याचा उंबरा सहसा सोडत नाही.

येत राहिली ती दुसरीच. आगीत गेलेल्या कारागिराची बायको. मुलाला कडेवर घेऊन ती यायची, बाकड्यावर बसायची, काही मागायची नाही. मी बाहेर आलो की फक्त बघायची. तिला एकच हवं होतं. तिचा नवरा कुलपामुळे मेला, हे कोणीतरी सरकारदरबारी मान्य करावं. शेठचे लोक वस्तीत सांगत फिरत होते की तो झोपला होता म्हणून मेला.

याच सुमारास परदेशी संस्थेची माणसं सुरतेत आली. एक बाई, एक पुरुष आणि दिल्लीकडचा एक दुभाषी. कापड कारखान्यांतल्या कामगारांवर त्यांना अहवाल करायचा होता. ते हरवलेल्या साक्षीदाराच्या आईच्या खोलीत बसले, शेजाऱ्यांशी बोलले, खातं बाहेरून बघितलं. मला भेटायला आले तेव्हा मी म्हणालो, "वरून परवानगी आणा, मी सगळं दाखवतो." त्यांनी रीतसर ईमेलने प्रश्न पाठवले. तो ईमेल वरच्या कार्यालयातून माझ्याकडे आला, मी मुद्देसूद उत्तर तयार करून परत पाठवलं. शटरच्या कडीचे ओरखडेसुद्धा लिहिले होते. उत्तर वर गेलं आणि वरच राहिलं. मी विचारलं तर सांगण्यात आलं, "बाहर वालों को जवाब देना अपना काम नहीं है।"

झालं. अहवाल आला तेव्हा त्यात छापलं होतं की पोलिसांनी प्रश्नांना उत्तर दिलं नाही. आणि ते खरंच होतं, त्यात त्यांना काय बोलणार?

अहवाल मी इंटरनेटवरून उतरवून घेतला आणि शब्दकोश शेजारी ठेवून पूर्ण वाचला. माझ्या माहितीत तो पूर्ण वाचणारा पोलीस खात्यातला मी एकटाच. कुलपाबद्दल त्यांनी जे लिहिलं होतं ते चोख होतं. शटर, कडी, कामगारांची भीती, साच्यातले जबाब, सगळं. आमच्या लोकांना जे वाड-वडिलांपासून दिसत नव्हतं ते त्यांना आल्या आल्या दिसलं होतं, हे मला मान्य करावं लागलं. पण पुढची पानं उलटली आणि माझं डोकं तापलं. साक्षीदाराला पोलिसांनी ठाण्यात ठार मारलं आणि प्रेताची विल्हेवाट लावली! आतल्या पानावर लिहिलं होतं, 'असा कुटुंबाचा दावा आहे.' सुरुवातीच्या सारांशात दावा गळून पडला होता आणि ती घडलेली गोष्ट झाली होती. बातम्या देणाऱ्यांनी सारांशच वाचला. जो मेला नव्हता त्याच्यावर पानंच्या पानं. जो खरोखर मेला होता त्याच्या वाट्याला एक ओळ, 'आगीत आणखी एका कामगाराचा मृत्यू झाला.' त्यात नावसुद्धा नाही.

मी पोलिसांची वकिली करायला बसलेलो नाही. कोठडीत काय काय होतं ते मला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. म्हणून तर ते लिहिणाऱ्याने दुप्पट काळजी घ्यायला हवी. एक चुकीचं प्रकरण छापलं की दहा खऱ्या प्रकरणांवर पांघरूण घालायला आमच्यातले लोक टपलेलेच असतात.

माझा हेड कॉन्स्टेबल, बारा गावचं पाणी प्यायलेला गुजराती माणूस, त्या दिवसांत भाजीबाजारातही मान खाली घालून जायचा. त्याला त्याच्या मुलीने विचारलं होतं, "पप्पा, तुम्ही मारलंत का त्याला?" आमची चौकशी लागली. बदलीची टांगती तलवार होती ती वेगळीच. पण माझी झोप उडाली ती दुसऱ्या कारणाने. तो साक्षीदार मिळाला नाही तर कुलपाची केस तिथेच संपणार होती, आणि बाकड्यावरच्या त्या बाईला मी काय तोंड दाखवणार होतो?

बातमी मिळाली ती श्रावणात, आणि कुठल्या बातमीदाराकडून नाही. आमच्या ठाण्यात एक खान्देशी महिला कॉन्स्टेबल होती. तिची सासू साक्षीदाराच्या आईच्या भाऊबंदांतली. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, आमची खान्देशातली देवी, घरोघर बसते, आणि सुरतेतल्या खान्देशी वस्त्यांत त्या वेळी लूमही बंद असतात. त्या रविवारी ती कॉन्स्टेबल ड्यूटीवर आली ती घरचं भांडण घेऊनच.

"साहेब, सासूबाईंनी काल घर डोक्यावर घेतलं. तुमच्या त्या हरवलेल्याची आई आहे ना, तिने रोटाच्या गव्हात त्याचीही मूठ घेतली."

हेड कॉन्स्टेबल म्हणाला, "साहेब, एक मूठी घऊंमां शुं झगडो?" मूठभर गव्हात कसलं भांडण, हे त्या बिचाऱ्याला कळेना.

मी मात्र खुर्चीतून उठलो होतो. ज्यांना कानबाई माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आदल्या दिवशी भाऊबंदांत जेवढे पुरुष असतील, लहान-मोठे सगळे, त्या प्रत्येकाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात आणि ते दळून जाड पोळीसारखे रोट करतात. तो रोट भाऊबंदांनीच खायचा, बाहेरच्याला कणभरही द्यायचा नाही. मेलेल्याच्या नावाची मूठ घेत नाहीत. सासूबाईंचं म्हणणं बिनतोड होतं. तो मेला असेल तर आपल्या सगळ्यांना वर्षभर दुखवटा, मग कानबाई बसवायचीच कशी? आणि मेला नसेल तर हिने तसं सांगावं.

"मग ती काय म्हणाली?" मी विचारलं.

"काहीच नाही. मूठ घेतली आणि गव्हात टाकली. सासूबाईंना वाटलं, आईची वेडी आशा आहे, जाऊ दे. पण साहेब, ती रडली नाही हो. आणि आज सकाळी त्याच्या वाट्याचा रोट तिने फडक्यात बांधून ठेवला."

आशा माणूस मनात ठेवतो, तिच्यासाठी कोणी शिदोरी बांधत नाही. मी हेड कॉन्स्टेबलला म्हणालो, "माणूस जिवंत आहे आणि फार लांबही नाही." तो माझ्याकडे अशा नजरेने बघायला लागला की साहेबांना आता रजेची गरज आहे.

सोमवारी कानबाईचं विसर्जन झाल्यावर मी साध्या कपड्यांत त्या आईच्या खोलीवर गेलो. जीप नेली नाही, रिक्षाने गेलो. सोबत फक्त ती महिला कॉन्स्टेबल, तीही साडीत. आमच्याकडे चौकशी म्हणजे टेबलावर हात आपटणं असा समज आहे. माझा अनुभव असा की समोरच्याच्या घरात, त्याच्या भाषेत आणि त्याचं पाणी पिऊन विचारलं तर अर्धं काम होतं.

"बठ भाऊ," ती म्हणाली. मी बसलो. फडक्यातली गाठोडी फळीवरच्या डब्याआड दिसत होती.

"माय, तो रोट कोणाचा?"

"घरना शे."

"घरात तू एकटी. मग खाल्ला का नाही?"

तिने डबा गाठोडीपुढे सरकवला. मी म्हणालो, "माय, रोट शिळा करून टाकून देता येत नाही. मीही खान्देशी आहे. माझीही आई मूठ मोजायची. ज्याचा रोट त्याच्याच पोटात जायला हवा. तो तू त्याला पोचवणार आहेस की मी पोचवू?"

तिने पदर तोंडाला लावला. मग ती बोलली ती सगळं एकदम. तो ठाण्यातून निघाला तसं शेठच्या माणसांनी त्याला वाटेतच गाठलं होतं. जबाब दिलास तर दुसरी आग तुझ्या खोलीला लागेल, असं सांगून गेली. तो घरी न येता तसाच पळाला. पंधरा दिवसांनी दुसऱ्याच्या फोनवरून त्याने तिला हे सगळं आणि आपण सुखरूप असल्याचं कळवलं. म्हणून ती ठाण्यावर यायची बंद झाली.

"मग त्या परदेशी बाईला काय सांगितलंस?"

"मी काय सांगसू? त्यासनीच इचारं, पोलीसनी मारी टाकं का? मी बोलनू नही. पदर तोंडले लावा नि रडनू. ती बाई बी रडनी." त्यांनीच विचारलं, मारून टाकलं का, हिने नुसतं रडून घेतलं. मग ती माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, "भाऊ, मरेल माणूसले कोन शोधस? ना शेठ शोधस, ना तुमी शोधतस."

मेलेल्याला कोण शोधतं? मुलाला वाचवायचा तिला सुचलेला तो एकमेव मार्ग होता. ते लिहून घेणाऱ्यांनी रीतीने विचारलं असतं, 'शेवटचं कधी पाहिलं, मग काय झालं, प्रेत कोणी पाहिलं,' तर तिला इतकं सहज निभावता आलं नसतं. त्यांनी उत्तर आपल्या पिशवीत घालूनच आणलं होतं, हिने फक्त होकार दिला. असे प्रश्न माझ्या एखाद्या नव्या फौजदाराने विचारले असते तर मी त्याला उभ्याउभ्या झापलं असतं.

"मग मूठ कशाला घेतलीस? तिथेच सापडलीस की."

तिला माझ्या अज्ञानाचा रागच आला. "समदासमोर खोटं चालस. कानबाईसमोर कसं चाली? त्यानी मूठ मी सोडी तं मीच त्याले मारं ना?"

तिने मला एक अट घातली. बेड्या नाहीत, ठाणं नाही, शेठच्या कानावर जाता कामा नये. मी शब्द दिला की थेट मॅजिस्ट्रेटसमोर जबाब होईल. दुसऱ्या दिवशी आम्ही तिच्यासोबत कामरेजला गेलो. हायवेच्या पलीकडे एका छोट्या पॅकिंगच्या कारखान्यात तो खोके बांधत होता. आईच्या हातातली गाठोडी बघून हसला, माझा चेहरा बघून त्याचं हसू मावळलं. तिथेच मागच्या पडवीत बसून त्याने आधी रोट खाल्ला.

"साहेब, मोबाईलमा मन्ही बातमी वाची मी," तो म्हणाला. "मरेल शे तेच बरं शे. जिंदा आया तो सेठ छोडेगा नहीं।"

"तू मेलेला राहिलास तर तुझा जोडीदार झोपेत मेला असंच ठरणार. त्याची बायको रोज माझ्या ठाण्यात येऊन बसते. तिला काय सांगू?"

तो खोक्यांवरची सुतळी बोटाला गुंडाळू लागला. मग त्याने सांगितलं. धूर भरला तेव्हा तो आणि त्याचा जोडीदार शटरपाशी धावले, बाकीचे खिडकीकडे. शटरबाहेर सुपरवायझर उभा होता. चावी त्याच्या खिशात होती. आतून हे दोघं पत्र्यावर हात आपटत होते आणि तो म्हणत होता, "रुक, सेठ को पूछता हूँ।" तो फोन लावत राहिला. फोन लागेना. जोडीदार तिथेच खाली बसला, याने त्याला ओढायचा प्रयत्न केला, मग हा खिडकीकडे पळाला. शेठला विचारल्याशिवाय कुलूप काढायचं नसतं, हा खात्याचा नियम सुपरवायझरने आगीतसुद्धा पाळला.

चाळीस चोऱ्यांचा छडा लावून जेवढं समाधान मिळालं नसेल तेवढं मला त्या पडवीत मिळालं. फार टिकलं नाही.

मी वरच्या साहेबांना फोन केला. विनंती केली की मॅजिस्ट्रेटसमोरचा जबाब होईपर्यंत हे गुप्त राहू द्या. साहेबांनी काय ऐकलं असेल? माणूस जिवंत आहे, एवढंच. दुसऱ्या दिवशी पत्रकार परिषद! त्या भेदरलेल्या माणसाला नवा शर्ट घालून खुर्चीत बसवलं, समोर कॅमेरे. परदेशी संस्थेचा अहवाल धादांत खोटा आहे, देशाची बदनामी करण्याचा डाव आहे वगैरे वगैरे. मी कडेला उभा होतो. संपल्यावर म्हणालो, "सर, कुलपाबद्दल अहवालात आहे ते मात्र खरं आहे. आपला तपासही तेच म्हणतो."

साहेब म्हणाले, "रिपोर्ट झूठी है, बस। लाइन एक ही रखो।"

प्रेस नोट निघाली. अहवालातील सर्व माहिती निराधार. सर्व! त्या एका शब्दात माझा अर्धा तपास निराधार ठरला. संध्याकाळी साक्षीदाराचा चेहरा शेठच्या दिवाणखान्यातल्या टीव्हीवर होता. मी त्याच्या आईला दिलेल्या शब्दाचं भजं झालं होतं.

संस्थेच्या त्या बाईचा मला फोन आला. माझं इंग्रजी कामापुरतं, तरी तिचा आवाज कापत होता हे कळत होतं. वाईट बाई नव्हती. मी म्हणालो, "मॅडम, मेलेला माणूस काढा, पण कुलूप राहू द्या. ते तुम्ही बरोबर लिहिलंय. आणि जो खरा मेला त्याचं नाव घाला." ती म्हणाली, वरिष्ठांशी बोलते. तिकडेही वरिष्ठ असतात, आणि इकडच्यासारखेच असतात. थोड्याच दिवसांत त्यांनी दुरुस्ती प्रसिद्ध केली. या घटनेसंबंधीचा संपूर्ण मजकूर, विश्वासार्हतेबद्दल शंका आल्यामुळे, मागे घेण्यात येत आहे. खोटं निघालं म्हणून त्यांनी खरंही काढून टाकलं. साधी चूक मान्य करून खरं तेवढं ठेवायला इतकं अवघड काय होतं? हात झटकणं सोपं असतं, इकडेही आणि तिकडेही.

त्या दिवशी ती मयताची बायको बाकड्यावर होती. कोणीतरी तिला मोबाईलवर सगळं दाखवलं होतं. ती प्रथमच बोलली. "तुमनं खरं व्हयनं, त्यासनं खोटं व्हयनं. यामा मन्हा माणूस कोठे शे, साहेब?" मी म्हणालो, कोर्टात आहे. दुसरं काय म्हणणार?

तो साक्षीदार मात्र पठ्ठ्या निघाला. मॅजिस्ट्रेटसमोर त्याने सगळं सांगितलं. पुढे खटला उभा राहिला तेव्हाही, धमक्या सोसत, टीव्हीनंतर खान्देशातल्या गावी गेला होता तिथून येऊन त्याने कोर्टात तेच सांगितलं. उलटतपासणीत शेठच्या वकिलाने शांतपणे दोन कागद पुढे केले. एक आमची प्रेस नोट, दुसरी संस्थेची दुरुस्ती. वकील म्हणाला, "याच्या घराने सगळ्या जगाला फसवलं. पोलीस म्हणतात माहिती निराधार, परदेशी संस्था म्हणते विश्वासार्ह नाही. आता कोर्टाने यावर विश्वास ठेवायचा?" आमचं पोलीस खातं आणि ती संस्था यांचं एकमत झालेलं मी आयुष्यात तेवढं एकदाच पाहिलं, आणि ते शेठच्या कामी आलं. सरकारी वकिलांनी बरीच खटपट केली. संशयाचा फायदा देऊन शेठ आणि सुपरवायझर दोघेही सुटले.

या प्रकरणाने मला काय शिकवलं असं कोणी विचारतं तेव्हा माझी चिडचिड होते, कारण शिकायला हवं होतं दुसऱ्यांनी. तरी सांगतो. बाहेरून कोणी आपल्याबद्दल काही लिहिलं की आधी ते पूर्ण वाचावं. त्यातलं खोटं काय ते पुराव्याने खोडावं आणि खरं काय ते मुकाट मान्य करावं. लिहिणाऱ्यानेही रडणाऱ्या आईला उत्तर सुचवू नये, आणि आपली चूक सापडली म्हणून दुसऱ्याचं दुःख केराच्या टोपलीत टाकू नये. सगळंच खरं किंवा सगळंच खोटं अशी घाई दोन्ही बाजूंना असते, आणि त्या घाईत ज्याच्यासाठी हे सुरू झालं तोच कोणाच्या लक्षात राहत नाही. एवढी साधी गोष्ट आहे. ती सांगायला माझ्यासारख्या निवृत्त माणसाची गरज पडू नये.

निकालानंतर अपील करायचं ठरलं. तोवर मी निवृत्त झालो होतो, पण वकिलाचे कागद घेऊन सहीसाठी मीच मयताच्या बायकोकडे गेलो. कानबाईच्या आदल्या दिवसाची सकाळ होती. ती सूप पुढ्यात घेऊन बसली होती. मुलगा आता शाळेत जाण्याएवढा झाला होता, दारात खेळत होता. तिने त्याच्या नावाची सव्वा मूठ घेतली आणि सुपात टाकली. मग पुन्हा डब्यात हात घातला आणि आणखी सव्वा मूठ घेतली.

त्या घरात दुसरा पुरुष नव्हता. मला वाटलं, ती चुकली. मी म्हणालो, "बाई, ही कोणाची?"

"त्यासनी." नवऱ्याची.

"अगं, पण मेलेल्याची मूठ घेत नाहीत."

तिने माझ्याकडे बघितलं. बाकड्यावरून बघायची तसंच. "जो जित्ता व्हता त्याले समदासनी मारं," ती म्हणाली. "मन्हा मरी गया तं त्यानं नावबी कोनी नही लिखं. मंग त्यानी मूठ मी कसाले सोडू?"

मी कागद पुढे केले. तिने अपिलाच्या कागदांवर मी दाखवलं तिथे सही केली, गहू पिशवीत भरले आणि मुलाला हाक मारून चक्कीवर निघून गेली.